राखेचं पोतं

तानुबाईच्या हाताला यश आहे असं सगळे धनगर म्हणायचे. आडवं आलेलं कोकरू ती आत हात घालून असं सरळ करायची की मेंढी नुसती एकदा मान वळवून बघायची. बायांचंही तसंच. पालात कोणी अडली की तानुबाईला हाक जायची. आणि ती यायची तेव्हा तिच्या एका हातात तेलाची वाटी असायची, दुसऱ्या हातात राखेचं पोतं.

राख चुलीतलीच, पण चाळलेली, उन्हात घातलेली. पोतं अर्धं भरायचं, वर जुनेराची चिंधी टाकायची आणि बाळंतिणीला त्याच्यावर बसवायचं. जे काय जायचं ते राख पिऊन घ्यायची. पाल स्वच्छ, लुगडं स्वच्छ. तानुबाईच्या सासूनं तिला असंच बसवलं होतं, आणि सासूला तिच्या सासूनं.

त्या दिवशी तानुबाईची स्वतःची सून अडली होती.

पाडवा होऊन गेला होता. देवगाव फाट्याच्या अलीकडं दिनकररावाचं काळं रान, जोंधळा काढलेला, नुसती धसकटं उभी. त्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि बदल्यात जोंधळा घ्यायचा असं ठरलेलं. ऊन असं की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहायची. सकाळीच दिनकरराव छत्री घेऊन बांधावर आला होता.

"तानुबाई, तुही मेंढरं लय हुशार हायत. खायाला माझ्या रानात आन् लेंड्या टाकायला शेजाऱ्याच्या."

"मालक, मेंढरं हायत ती. बूच मारून ठिवू का?"

"तोंड लय चालायलंय तुहं. पसाभर जोंधळा कमी देईन."

"द्या कमी. आज माह्या घरात पाव्हणा यायलाय, आज भांडायला टाईम न्हाई मला."

पालातून सुगंधाचं कण्हणं आलं तसा दिनकरराव छत्री सावरत निघाला. बायकांच्या कामापाशी मर्दानं उभं राहू नये, एवढं त्याला कळत होतं.

दुपार कलायच्या आधी सुगंधा मोकळी झाली. पोरगी. चांगली भरलेली, काळ्याभोर जावळाची. तानुबाईची जाऊ भागुबाई वाकून बघत म्हणाली, "पोरगी हाय."

"मंग? मेंढी झाली की हरखतो आपण, आन् नर झाला की बाजारात नेऊन इकतो. पोरगी झाली तर तोंड कामून पाडतीस?"

भागुबाई हसली. वार पडली. भागुबाईनं ती गाडग्यात घातली आणि रीतीप्रमाणं पालामागं खड्डा करून पुरली, वर दगड ठेवला. तानुबाईनं सुगंधाला उचलून राखेच्या पोत्यावर बसवलं, पाठीला घोंगड्याची गुंडाळी लावली, पोरगी पुसून फडक्यात गुंडाळली. मग ती चुलीपाशी गेली. गूळ, सुंठ, तूप. तिच्या अंगात एक मोकळेपणा भरला होता. स्वतःच्या घरातलं काम हातून नीट झालं की माणसाला जो भरतो तो.

"आत्या," सुगंधा म्हणाली, "लय जायलंय वो."

"जाऊ दी. घाण हाय ती. नऊ महिन्यांची साठलेली. जेवढी जाईल तेवढं बरं. आत ऱ्हायली तर ताप येतो."

"कानात भुंगा फिरल्यावानी हुयलंय."

"पहिलटकरणीला हुतंच तसं."

सुगंधानं जांभई दिली. मग अजून एक. भागुबाई म्हणाली, "झोप यायली बिचारीला. रातभर डोळ्याला डोळा न्हाई." तानुबाईनं वळून बघितलं. पोत्याखालची जमीन कोरडी होती. चिंधी लाल होती, पण तेवढी असतेच. तिनं काढ्यात पळी फिरवली.

त्याच वेळी पांदीनं नर्सबाई येत होती. कमलबाई तिचं नाव. गावात पोरांना सुया टोचायला सकाळी आलेली, जायला गाडी नव्हती. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, फाट्यावर रस्ता अडवलेला, एकही एस.टी. आत आली नव्हती. म्हणून बाई पत्र्याची पेटी काखेत मारून पायीच फाट्याकडं निघाली होती. चेहरा उन्हानं विटकरीसारखा झालेला. पाल दिसलं म्हणून वळली.

"पाणी मिळंल का हो मावशी?"

"मिळंल की. बसा सावलीला. सून बाळंत झालीया, तोंड गोड करून जावा."

कमलबाईनं तांब्या तोंडाला लावला आणि तांब्याच्या कडेवरून तिची नजर पालात गेली. ती पाणी पिता पिता थांबली.

"कधीची झाली?"

"आत्ताच. काढा उकळायला टाकला आन् तुमी आल्या."

"ओठ पांढरे पडलेत हिचे."

ती आत शिरली. सुगंधाच्या कपाळावर हात ठेवला. एवढ्या चैत्रात ते कपाळ गार होतं, ओलं होतं. मनगट धरून नाडी बघितली आणि एकदम उठली. "उचला हिला. आडवी करा. उचला!"

दोघींनी सुगंधाला धरून घोंगड्यावर घेतलं. कमलबाईनं पोत्याला हात घातला ओढायला आणि पोतं हललं नाही. तिनं दोन हात लावले.

"मावशी, ह्यात दगड भरलेत का?"

"राख हाय की निस्ती."

"उचलून बघा."

तानुबाईनं उचललं. नाल्यात बुडवून काढलेली लोकर असते, तसं जड. खालून धार नाही, थेंब नाही. नुसतं जड. तिनं पोत्याच्या तोंडात हात घातला. वरची राख कोरडी होती, तिच्याखाली बोटं रुतली ती मनगटापर्यंत चिखलात. हात बाहेर काढला तर काळालाल. तानुबाई त्या हाताकडं बघत राहिली. आयुष्यभर ज्या पोत्याच्या भरवशावर ती म्हणत आली की बघा, जमिनीवर एक थेंब नाही, त्या पोत्यानं तिच्यापासून सगळं झाकून ठेवलं होतं.

"माय गं," भागुबाई म्हणाली आणि खालीच बसली.

"रडायचं नंतर," कमलबाई पेटी उघडत म्हणाली. "पाय वर करा हिचे. खोगीर घाला खाली. अंगावर घोंगडं टाका. लघवी झाली का हिला? नाही? आधी ती करवू. लघवी तुंबलेली असली की गर्भाची पिशवी आवळत न्हाई."

तिनं सुगंधाच्या बेंबीखाली हात ठेवला आणि जोरात चोळायला लागली. सुगंधा कळवळली. खालून एक मोठी गाठ भदकन बाहेर आली, मागून धार. कमलबाई चोळतच राहिली. एका हातानं चोळत, दातानं कापसाची पुडी फाडत तिनं सुई भरली आणि मांडीत खुपसली.

"रक्त थांबवायची सुई एकच हाय माझ्यापाशी. दुसरं न्हाई. वार कुठाय? मला वार दाखवा."

"पुरली की बाई."

"उकरा."

भागुबाईनं तोंडावर पदर घेतला. "पुरलेली वार उकरतात का कुठं? लेकराला बाधतं. असं कोणी केलं न्हाई."

तानुबाई उठली. पालामागं गेली, दगड पायानं ढकलला आणि खुरप्यानं माती ओढायला लागली. खुरपं अडलं तसं दोन्ही हातांनी. गाडगं वर आलं. कमलबाईनं वार पाण्यात धुतली, तळहातावर पसरली. ताज्या भाकरीचा कुणी कोपरा मोडून खावा तशी एका कडेला ती तुटलेली होती.

"हा तुकडा आतच हाय. तो हाय तवर रक्त थांबायचं न्हाई. दवाखान्यातच काढावा लागंल. सेलूला न्यावं लागंल, आत्ताच."

तानुबाईचा लेक अंगद तेवढ्यात नाल्यावरून मेंढरं पाजून आला. बाप झाल्याचं त्याला अर्ध्या वाटेत कळलं होतं, तोंडभर हसत येत होता. पालात डोकावला आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, जागा चुकलेल्या माणसासारखं.

"पळ," तानुबाई म्हणाली. "मालकाचं ट्रॅक्टर माग."

तो पळाला. पायात वहाणाही नव्हत्या. दिनकरराव ओट्यावर आडवा झाला होता. ट्रॅक्टर समोर लिंबाखाली उभं होतं, सीटवर गोणपाट घातलेलं.

"मालक, बायको मरायलीय. सेलूला न्यायचीय."

"आज? आज फाट्यावर काय चाललंय माहीत हाय का तुला? दगडं घेऊन बसलेत पोरं. ट्रॅक्टर जाळलं तर भरून कोण देणार? तुह्या मेंढ्या?"

"पाया पडतो मालक."

"पाया पडून डिझेल येत न्हाई. ड्रायव्हरबी न्हाई आज. अन् बाळंतीण बाई, त्या ट्रॅक्टरवर उद्या मला पूजेचं सामान आणायचंय..."

अंगद अंगणात गुडघ्यावर बसला होता. उन्हानं फरशी तापलेली, गुडघे भाजत होते तरी उठला नाही. आतून दिनकररावाची बायको पार्वतीबाई बाहेर आली. हाताला पीठ. ती नवऱ्याशी बोललीच नाही. गोठ्याकडं तोंड करून ओरडली, "भुजंग! बैलं जुप. खाली कडबा टाक, जाड टाक."

"अगं पण दगडं..."

"गाडीला काचा न्हाईत फुटायला. आन् बैलांना नामांतर कळत न्हाई." मग अंगदला, "ऊठ रे लेकरा. आन् हे घे." तिनं दोरीवरचं दिनकररावाचं धुतलेलं पांढरं धोतर ओढून त्याच्या अंगावर टाकलं. "लेकराला गुंडाळायला व्हईल."

"अगं, ते नवं हाय!" दिनकरराव ओरडला. पण तोपर्यंत अंगद गेला होता.

गाडीत कडबा, कडब्यावर घोंगडं, घोंगड्यावर सुगंधा. पाय उंच, डोकं खाली. भागुबाई मेंढरांपाशी थांबली. भुजंग हाकायला, अंगद धोतरात गुंडाळलेली पोरगी छातीशी धरून चाकाबरोबर पळत. कमलबाई सुगंधाच्या पोटावर वाकून चोळत होती.

"मावशी, माझा हात भरून आला. मनगटात दमच ऱ्हायला न्हाई. तुमी धरा. जात्यावर दळलेला हात हाय तुमचा."

"म्या?" तानुबाईनं हात पदराला पुसला. पुसला तरी नखात राख होतीच. "माह्याच हातानं हे झालंय बाई."

"मग त्याच हातानं थांबवा. इथं. बेंबीच्या खाली. दाबा. लागला का गोळा?"

लागला. तो तानुबाईच्या ओळखीचा होता. बाळंतपणानंतर बाईच्या पोटात जो गोळा फिरतो, तो लेकराला हुडकत असतो असं त्यांच्यात म्हणायचे. कुठं गेलं माझं लेकरू, आत्ता तर इथं होतं. तानुबाईनं कितीतरी बायांना ते सांगून हसवलं होतं. पण तो हातात धरायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"नारळावानी टणक लागला की बरं. कणकीवानी मऊ पडला की समजायचं रक्त सुटलं. मऊ पडू द्यायचा न्हाई. चोळायचा, दाबायचा."

"आत्ता मऊच हाय."

"मग चोळा!"

तानुबाई चोळायला लागली. गाडीची चाकं ढेकळावरून उडत होती. प्रत्येक धक्क्याला तिचं बूड आपटायचं, पण हात पोटावरून सुटला नाही. हळूहळू तळव्याखाली काहीतरी जमा झालं, आवळलं. "झाला टणक!" ती ओरडली. थोडं गेल्यावर पुन्हा ढिला. पुन्हा चोळ. घाम नाकावरून सुगंधाच्या पोटावर पडत होता. सुगंधाचे डोळे अर्धे मिटलेले.

"सुगंधा! ए सुगंधा! झोपायचं न्हाई. शिव्या दे मला."

"...न्हाई येत."

"चार साल झाले सासू हाय तुही, एक बी शिवी आली न्हाई व्हय? खोटं बोलतीस."

सुगंधाचे ओठ हलले. हसली की काय कोण जाणे.

"पोरीला पाजा आता," कमलबाई म्हणाली. "थानाला लावा. पाजलं की पिशवी आवळती."

"तीन दिस पाजत नसतात बाई. चीक पिळून टाकतात. लेकराचं पोट..." तानुबाई बोलता बोलता थांबली. तिच्या डोळ्यापुढं मेंढी आली. मेंढीची जार, म्हणजे तिची वार, पडत नाही तेव्हा तानुबाई काय करायची? ओलं कोकरू उचलून थानाला लावायची. तोंडात सड द्यायची. कोकरू चुपचुप ओढायला लागलं की मेंढीचं अंग आवळायचं आणि जार पडायची. किती वेळा केलं होतं तिनं. मेंढीला केलं, माणसाला कधी केलं नाही. तीन दिवस लेकराला गुळाचं पाणी आणि इकडं गोळा हुडकत फिरणार.

"अंगद्या, पोरगी दे हितं! धोतरात हाय ती, दे!"

चालत्या गाडीत अंगदनं दिनकररावाच्या धोतरात गुंडाळलेली पोरगी वर दिली. कमलबाईनं सुगंधाची चोळी सोडून तिला छातीशी लावली. पोरीनं इकडं तिकडं तोंड आपटलं, रडली, मग धरलं. धरलं ते असं धरलं की चपचप आवाज गाडीच्या खडखडाटात ऐकू आला. आणि तानुबाईच्या हाताखाली गोळा एकदम गच्च झाला. आपोआप. तिनं चोळलंसुद्धा नव्हतं.

"घावलं गं माय," तानुबाई म्हणाली. तिला रडायला आलं. "घावलं त्याला लेकरू."

"हात काढू नका म्हणून सांगायलेय!" कमलबाई ओरडली.

"काढत न्हाई. हात तुटून पडला तरी काढत न्हाई."

फाट्यावर रस्त्यात दगडं रचलेली होती. जळालेल्या टायरांचा काळा डाग. निळे झेंडे. दगडांच्या पलीकडं मालट्रका, एक लाल एस.टी., तिच्या सावलीत बसलेली माणसं. गाडी दिसली तशी पोरं पुढं आली. भुजंगनं बैलं थांबवली.  खांद्यावर निळा गमछा टाकलेला एक उंच गडी जुवापाशी आला. रंगनाथ म्हणत होते त्याला बाकीची पोरं.

"बंद हाय, काका. माघारी फिरा."

"बाळंतीण हाय बाबा," तानुबाई वरूनच म्हणाली. "रक्त थांबंना झालंय."

"कोणाची?"

"धनगराची. माही सून हाय."

"आमची वस्ती जळाली तवा तुमची मेंढरं त्या माळावरच बसली होती न्हवं? धूर दिसला असंल तुमाला."

तानुबाईनं त्याच्याकडं बघितलं. हात पोटावर तसाच. "दिसला होता. मेंढरं घेऊन लांब सरकलो आमी. भ्यालो. आता तू सरकू नको लेकरा."

 रंगनाथ चाकावर पाय देऊन वर चढला आणि आत बघितलं. पांढरं धोतर, लाल झालेलं घोंगडं, चोखणारी पोरगी, आणि म्हातारीचा तो मुठीसारखा आवळलेला हात. तो खाली उतरला तेव्हा ओरडतच उतरला.

"दगडं काढा रे! एस.टी. सोडा! कुठाय ड्रायव्हर?"

ड्रायव्हर दत्तराव झाडाखाली बिडी ओढत होता. पोट सुटलेलं, खाकी सदऱ्याची बटणं ताणलेली. तो म्हणाला, "तुमीच अडवली, आता तुमीच सोडा म्हणता. म्होरं सेलूच्या वाटेवर अजून पोरं बसलेत. काच फुटली तर माझ्या पगारातून कापतात."

"म्या बोनटावर बसतो," रंगनाथ म्हणाला. "दगड आला तर आधी मला लागंल. मग तर निघशील?"

दत्तरावनं बिडी फेकली. "बोनटावर न्हाई. दारात उभा राहा. अन् झेंडा बाहेर धर, मोठा."

सावलीत बसलेले सगळे पाशिंजर उठले. गाडी सुटली, गाडी सुटली! पिशव्या, कोंबड्या, ट्रंका. कंडक्टर दारात आडवा झाला. "बाळंतीण आधी! बाकीच्यांनी उभं राहायचं. आन् कोणी बिडी पेटवली तर खाली फेकीन."

पोरांनी घोंगड्याच्या चार कडा धरून सुगंधाला उचललं. तानुबाई पोटावरचा हात न काढता खेकड्यासारखी आडवी चालत होती, कमलबाई तिच्या कमरेला धरून. "सावकाश रे, सावकाश!" एकानं दगडावर ठेच खाल्ली, अंगठा फुटला, घोंगड्याची कड सोडली नाही. मागची लांब सीट रिकामी करून तिथं ठेवलं. कंडक्टरनं घंटी मारली.

दत्तराव त्या दिवशी जशी गाडी हाकलत होता, तशी त्यानं कधी हाकलली नसेल. खिडक्या थरथरत होत्या. दारात रंगनाथ, एका हातानं दांडी धरलेला, दुसऱ्या हातात झेंडा, वाऱ्यानं त्याचा आवाज फाटत होता. "सोडा! सोडा! बाळंतीण हाय!" पुढं दगडांमागं बसलेली पोरं आधी दगड उचलायची, मग झेंडा बघून गोंधळायची, मग पळत येऊन दगडं बाजूला सारायची. एका ठिकाणी एका पोरानं विचारलं, "आपल्यातली हाय का रं?" रंगनाथ ओरडला, "बाळंतीण हाय! हाण दगड बाजूला!"

आत तानुबाईचा हात खांद्यापासून बधिर झाला होता. कोपर सीटच्या लोखंडावर घासून सालटं निघालं. समोरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण लागती वो ही तुमची?"

"सून."

"मला वाटलं लेक."

"तुमचं वाटणं तुमच्यापाशी ठिवा आन् धोतराच्या सोग्यानं वारा घाला तिला."

म्हातारा गपगुमान वारा घालायला लागला.

सेलूच्या दवाखान्याच्या दारात दत्तरावनं एस.टी. आतपर्यंत घातली. भोंगा वाजवतच आत. डॉक्टरीणबाई पळत आल्या. त्यांनी कमलबाईकडून सगळं ऐकलं, सुगंधाचं पोट बघितलं आणि म्हणाल्या, "आजीबाई, काढा आता हात."

तानुबाईनं हात उचलला नाही.

"आजीबाई, काढा. आम्ही बघतो."

"निघंना बाई."

खरंच निघत नव्हता. बोटं आकडली होती. डॉक्टरीणबाईंनी स्वतः एक एक बोट सरळ करून तो हात उचलला आणि त्याच क्षणी आपला हात तिथं ठेवला. "शाबास," त्या म्हणाल्या. "हा हात नसता तर ही फाट्यापर्यंतसुद्धा आली नसती."

दार लागलं. तानुबाई व्हरांड्यात भिंतीला टेकली. उजवा हात मांडीवर पालथा पडलेला, मेलेल्या कोकराच्या पायासारखा. अंगद उभा राहायचा, बसायचा, उभा राहायचा. थोड्या वेळानं दवाखान्यातली नर्स बाहेर आली. "तुकडा निघाला. रक्त थांबलंय. पण लय गेलंय, एक बाटली तरी द्यावी लागंल. परभणीहून आज येणार न्हाई. कोण देतंय?"

अंगद पांढराफटक झाला. मेंढरू कातरताना कातर लागली आणि थेंब आला तरी तो डोळे मिटायचा, हे धनगरांच्या सगळ्या वाड्याला माहीत होतं.

"माझं घ्या," रंगनाथ बाही वर करत म्हणाला. "तपासा बिनधास्त. निळं न्हाई निघायचं, लालच हाय."

"माजं बी," अंगद म्हणाला.

रंगनाथचं जुळलं नाही. अंगदचं जुळलं. बाकावर आडवा करून त्याच्या हातात सुई घातली तेव्हा त्यानं डोळे इतके घट्ट मिटले की रंगनाथला हसू आलं. "ए भाऊ, तुही बायको एवढी रक्तात न्हाली तरी गप हाय, आन् तू सुईला रडायलास?"

"रडत न्हाई. डोळ्यात धूळ गेलीय."

"दवाखान्यात?"

"तुमच्या एस.टी.ची हाय."

बाटली भरत आली तसं अंगदनं एक डोळा उघडून बघितलं आणि लगेच मिटला. पण हात हलवला नाही.

दिवस मावळायच्या आत सुगंधानं डोळे उघडले. ओठांना रंग आलेला. आधी तिनं पोरगी कुठाय ते बघितलं, मग नवऱ्याला, मग सासूला. बराच वेळ तानुबाईकडं बघत राहिली. तानुबाईला वाटलं, आता बोलंल. राखेचं बोलंल. बोलावं. बोललेलं बरं.

"आत्या," सुगंधा म्हणाली, "भूक लागलीया. आन् तुमी लय चोळलं. पोट फोडलं का काय माझं?"

"शिवी देतीस व्हय मला?"

"देयाचीच व्हती. गाडीत आली न्हाई."

दोघी हसल्या. सुगंधाला हसताना कळ आली तरी हसली. दारात दत्तराव ड्रायव्हर उभा होता. त्याला गाडी डेपोत न्यायची होती, पण बातमी घेतल्याशिवाय तो गेला नव्हता. पोरगी ओरडली तशी तो म्हणाला, "आवाज बघा हिचा. हिला कंडक्टर करा." कमलबाई बाकावरच पेटी उशाला घेऊन झोपली होती. तिला कुणी उठवलं नाही.

पुढं कापूस फुटायच्या दिवसात भागुबाईची लेक बायना माहेरी बाळंतपणाला आली. गावातलं घर, सारवलेली खोली, सकाळची वेळ. कळा जोर धरायला लागल्या तसं कमलबाईला सांगावा गेला. हे तानुबाईनंच ठरवलं होतं, बायना यायच्या आधीच. बाई वाटेत होती तोवर भागुबाई सवयीनं कोपऱ्यातून राखेचं पोतं ओढत घेऊन आली. चाळलेली, ऊन दाखवलेली राख.

तानुबाईनं ते पोतं घेतलं, अंगणात नेलं आणि उकिरड्यावर उलटं केलं. राखेचा लोट उठला, कोंबड्या ओरडत पळाल्या.

"आवो जाऊबाई! मंग बसवायचं कशावर हिला?"

तानुबाईनं गाठोड्यातून दिनकररावाचं धोतर काढलं. कितीदा धुतलं तरी एक फिक्कट डाग त्याच्यात राहिला होता. तिनं ते चौघडी करून बायनाच्या खाली पसरलं. पांढरंशुभ्र, खिडकीच्या उजेडात.

"ह्याच्यावर? सगळं दिसंल की वो. लय घाण दिसंल."

"दिसू दे," तानुबाई म्हणाली. "म्या डोळे उघडे ठिवून बघत बसणार हाय."

बायना मोकळी झाली. पोरगा झाला, वार सबंध पडली, तानुबाईनं ती परातीत पसरून कडेकडेनं बोट फिरवून बघितली. पोरगा लगेच थानाला लावला. मग ती बायनाच्या पोटावर हात ठेवून बसली. उजवाच हात. त्या दिवसापासून त्याची दोन बोटं नीट मिटत नव्हती, सूत कातताना सुटायची. पण गोळा त्यांना बरोबर कळत होता. कमलबाई घाम पुसत दारात आली तेव्हा हे सगळं झालेलं होतं.

तिच्यामागून पोरीला कडेवर घेतलेली सुगंधा आत डोकावली. "आत्या, किती गेलं?"

तानुबाईनं धोतराची कड उचलून उजेडात धरली, नर्सबाईलाही दिसंल अशी. तळहाताएवढा डाग. बाकीचं सगळं पांढरं.

"येवढंच," ती म्हणाली. "आन् गोळा दगडावानी. हुडकायलाच गेला न्हाई कुठं."